परग्रहीय शत्रू आणि त्यांचा कारभार

संगणकाच्या पडद्यावर ताऱ्यांचा नकाशा मांडून, एका ग्रहापासून आरंभ करून, हळूहळू आसपासचा मुलूख आपल्या अंमलाखाली आणावयाचा, शेजाऱ्यांशी तह करावयाचे आणि प्रसंगी ते मोडावयाचे, आणि अखेरीस साऱ्या आकाशगंगेवर आपले निशाण फडकवावयाचे, अशा प्रकारचे जे डावपेचांचे खेळ गेली तीस-पस्तीस वर्षे जगभर खेळले जात आहेत, त्यांत खेळणाऱ्याच्या वाटेत उभ्या राहणाऱ्या परग्रहीय जाती हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. या जाती बहुधा दुष्ट असतात. कोणी इतरांना गुलाम करणारी, कोणी भक्षक, कोणी केवळ द्वेषापोटी दुसऱ्यांचा निर्वंश करणारी. खेळाला शत्रू हवा हे उघड आहे. परंतु ज्या जातीने अंतराळयाने बांधली, अनेक ग्रहांचा वसूल गोळा केला आणि पिढ्यान्‌पिढ्या युद्धे चालविली, त्या जातीचे घर, बाजार, न्यायासन, श्रद्धा आणि आपसांतले तंटे यांचा विचार खेळ रचणाऱ्याने केला आहे, की एक भेसूर मुखवटा चढवून तिला रणांगणात सोडून दिले आहे, हा प्रश्न वाङ्मयाच्या कोणत्याही गंभीर वाचकाने विचारावा असा आहे. कारण ज्या कृतींत माणसे शेकडो तास रमतात, त्या कृतींनी त्यांना शत्रूची कोणती प्रतिमा दिली, हे पाहणे टीकाकाराचे कर्तव्यच ठरते.

या प्रकाराचे नाव आणि त्याचा पहिला नमुनेदार ग्रंथ, दोन्ही 1993 सालचे. त्या वर्षी ॲलन एमरिक या लेखकाने ‘कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’ या मासिकात ‘मास्टर ऑफ ओरायन’ या खेळाची ओळख करून देताना शोध, विस्तार, उपभोग आणि निर्दालन या चार क्रियांवरून ‘फोर-एक्स’ ही संज्ञा घडविली, आणि ती आजतागायत टिकून आहे. स्टीव्ह बार्सिया यांच्या सिमटेक्स या मंडळीने रचलेल्या आणि मायक्रोप्रोजने प्रसिद्ध केलेल्या या खेळात मानवासह दहा जाती आहेत. क्लॅकॉन हे कीटकवंशी आणि श्रमात अग्रेसर, साक्रा हे सरडे झपाट्याने वाढणारे, मर्शान या मार्जारवंशी जातीचा नेम अचूक, सिलिकॉइड हे पाषाणदेही असल्यामुळे कोणत्याही ओसाड ग्रहावर वस्ती करू शकणारे, आणि डार्लोक हे रूप पालटणारे हेर. प्रत्येक जातीला एक चेहरा, एक गुण आणि एक उणीव मिळाली, एवढ्यावर तिची कैफियत संपली. तथापि या खेळाची एक गोष्ट मला आजही स्तुत्य वाटते. प्रत्येक जातीच्या राज्यकर्त्याचा स्वभाव दर डावाला नव्याने ठरतो. तो कधी शांतताप्रिय असतो, कधी वचनाला जागणारा, कधी निर्दय, कधी परक्यांचा द्वेष करणारा, आणि त्याचे ध्येयही कधी विद्येचे, कधी उद्योगाचे, तर कधी लष्कराचे असते. त्यामुळे ज्या जातीने मागील डावात विश्वासघात केला, तीच पुढच्या डावात इमानाने तह पाळताना दिसू शकते. दुष्टपणा हा रक्ताचा नसून राजवटीचा असतो, ही समज या आरंभीच्या कृतीत अभावितपणे का होईना आली होती. तीन वर्षांनी निघालेल्या दुसऱ्या भागात मात्र अंटारन नावाची एक जात आणली गेली. ती दुसऱ्या मितीतून येऊन छापे घालते, आणि तिच्याशी कोणताही तह संभवत नाही. शत्रू म्हणून ती जबरदस्त आहे, समाज म्हणून तिच्यात पाहण्यासारखे काही नाही.

मग शत्रूची संस्कृती विश्वसनीय केव्हा म्हणावी? याची कसोटी आपल्याला दूर शोधावयास नको. वाल्मीकींचा हनुमान लंकेत शिरतो, तेव्हा पहाटेच्या प्रहरी राक्षसांच्या घरांतून त्याच्या कानी वेदघोष पडतो. आणि पुढे युद्धकांडात रावणाच्या सभेत जी मसलत होते, तीत प्रहस्त एक बोलतो, विभीषण त्याच्या उलट बोलतो, आणि कुंभकर्ण तर रावणाचे कृत्य अनुचित होते असे त्याच्या तोंडावर सांगून, तरीही भावाच्या बाजूने लढण्याचे पत्करतो. राम त्या सभेत हजर नाही. आपला नायक जेथे हजर नाही तेथेही शत्रूची माणसे एकमेकांशी बोलतात, भांडतात, एकमेकांना दोष देतात, याच एका गोष्टीने लंका हे नगर झाले आहे. एरवी ते केवळ जिंकावयाचे ठाणे राहिले असते. डावपेचांच्या खेळांतील बहुतेक परग्रहीय जाती याच ठिकाणी उघड्या पडतात. त्या जे बोलतात ते आपल्याशी बोलतात, आणि तेही धमकी, मागणी आणि शरणागती एवढ्याच विषयांवर. त्यांच्या आपसांत काय चालते, हे कोणता खेळ दाखवितो आणि कोणता दाखवीत नाही, हा धागा धरून पाहिले म्हणजे या साऱ्या पसाऱ्यात बरेच तारतम्य दिसू लागते.

सर्वांत सोपी वाट म्हणजे शत्रूला वारुळ करून टाकणे. एच. जी. वेल्स यांनी 1898 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केलेल्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ या कादंबरीत मंगळावरून आलेले आक्रमक थंड बुद्धीचे आणि निर्विकार होते. परंतु वेल्स यांनी त्याच पुस्तकाच्या आरंभी टास्मानियातील मूळ रहिवाशांचा युरोपीय वसाहतवाल्यांनी केलेला नाश वाचकांपुढे ठेवून, मंगळवासीयांचे वर्तन हे आपल्याच वर्तनाचे प्रतिबिंब आहे, हे विसरू दिले नाही. पुढे 1959 साली रॉबर्ट हाइनलाइन यांच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’मध्ये शत्रू कीटकसदृश झाला, आणि तेथून खेळांच्या सृष्टीत समूहमनाच्या जातींची रीघ लागली: एक मन, असंख्य देह, आणि मध्यभागी एक राणी किंवा एक मेंदू, जिच्या हुकुमावाचून पानही हलत नाही. या कल्पनेत सोय अशी की असंख्य शत्रू मारताना खेळणाऱ्याच्या मनाला टोचणी लागत नाही. कारण मरणारा कोणी एक नसतोच. परंतु जीवशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तरी ही कल्पना कच्ची आहे. मधमाश्यांची राणी हुकूम देत नाही. मोहोळ फुटून नव्या जागी जावयाचे असते तेव्हा टेहळणी करणाऱ्या माश्या निरनिराळ्या जागा पाहून येतात, नृत्याने आपापल्या जागेची शिफारस करतात, प्रतिपक्षाच्या माशीला धडक देऊन तिचे नृत्य थांबविण्याचाही यत्न करतात, आणि एका जागेच्या बाजूने पुरेसे मत जमल्यावरच थवा उडतो. म्हणजे खऱ्या मोहोळात जेवढी वाटाघाट चालते, तेवढीही या कल्पित समूहमनांत चालत नाही.

तरी याही वाटेने जाऊन एका खेळाने मोठे काम केले, आणि ते शब्दांनी केले नाही, नियमांनी केले. ब्लिझर्ड या संस्थेचा ‘स्टारक्राफ्ट’ हा 1998 सालचा खेळ. त्यात मानव, झर्ग आणि प्रोटॉस असे तीन पक्ष आहेत, आणि तिघांनाही इमारती उभाराव्या लागतात. मानवांचा कामकरी इमारत पुरी होईपर्यंत तिच्याभोवती राबत राहतो. प्रोटॉसांचा यांत्रिक सेवक केवळ एक द्वार उघडतो, त्यातून इमारत दूरच्या स्वदेशातून आपोआप अवतरू लागते, आणि सेवक तत्क्षणी दुसऱ्या कामाला मोकळा होतो. झर्गांचा कामकरी जीव मात्र स्वतःच जमिनीवर आकसतो, त्याचे कोषात रूपांतर होते, आणि त्या कोषातून जी वास्तू निघते ती त्याच्याच देहाची असते. तो कामकरी परत येत नाही. खेळणाऱ्याला दर वेळी हिशेब करावा लागतो की एका वास्तूसाठी एक जीव खर्ची घालावयाचा आहे, आणि त्याची जागा भरण्यासाठी दुसरा जीव वाढवावा लागणार आहे. व्यक्तीला ज्या समाजात स्वतंत्र किंमत नाही, तो समाज कसा असेल, याचे वर्णन पाच पानांच्या प्रस्तावनेने साधले नसते ते या एका नियमाने साधले आहे. प्रोटॉसांची गोष्ट वेगळ्या अर्थाने लक्षणीय आहे. कथानकाच्या आरंभी ते भयंकर आक्रमक म्हणून येतात. झर्गांचा संसर्ग पसरू नये म्हणून चाऊ सारा हा मानवांचा ग्रह ते वरून जाळून टाकतात. परंतु तिसऱ्या भागात खेळणारा त्यांच्याच आसनावर बसतो, आणि तेव्हा त्याला कळते की या समाजात न्याय सांगणारे, लढणारे आणि श्रमणारे असे तीन वर्ण आहेत, परंपरागत एकात्मतेचा मार्ग नाकारल्यामुळे हद्दपार झालेला एक पंथ आहे, आणि ज्या टॅसाडार नावाच्या सेनानीला ग्रह जाळण्याचे फर्मान होते, त्याने पुढे आपल्याच वरिष्ठांचा हुकूम मोडला आहे. सभा दिसली, आणि तत्क्षणी शत्रू शत्रू राहिला नाही.

या साऱ्या प्रांतात मला सर्वश्रेष्ठ वाटणारी निर्मिती मात्र याहून सहा वर्षे जुनी आहे, आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. पॉल राइश आणि फ्रेड फोर्ड यांचा ‘स्टार कंट्रोल’ मालिकेतील दुसरा खेळ 1992 साली निघाला. पहिल्या भागातला डावपेचांचा पट येथे बराचसा साहसकथेकडे झुकला आहे. पण त्यातील ऊर-क्वान ही जात पुढील सर्व खलजातींचा मानदंड ठरली. कथेच्या आरंभीच पृथ्वी हरलेली आहे. विजेत्यांनी जिंकलेल्या प्रत्येक जातीला दोनच पर्याय ठेवले: एकतर मांडलिक होऊन आमच्या फौजेत लढा, किंवा तुमच्या ग्रहाभोवती एक अभेद्य कवच बसवून त्याच्या आत कायमचे कोंडून राहा. मानवांनी कोंडून राहणे पत्करले. गुलामीची ही तऱ्हा पाहताच चौकस खेळणाऱ्याच्या मनात प्रश्न येतो की या गुलामांपासून विजेत्याला लाभ काय? कवचाखालचा ग्रह खंडणी देत नाही, श्रम देत नाही, काहीच देत नाही. या विसंगतीचे उत्तर ऊर-क्वानांच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास खेळणाऱ्याला स्वतः दारोदार फिरून, निरनिराळ्या जातींच्या जबान्या घेऊन, तुकड्यातुकड्यांनी जुळवावा लागतो.

ऊर-क्वान हे मूळचे एकांडे शिकारी. स्वजातीचा दुसरा प्राणी आपल्या हद्दीत आला की त्याच्यावर तुटून पडण्याची त्यांची उपजत प्रवृत्ती, आणि म्हणून समाज करणे हेच त्यांना मुळात जड. त्यांना पहिला स्नेह लाभला तो टालो या पाषाणसदृश जातीचा. या जातीविषयी त्यांच्या मनात ती हिंस्र ऊर्मी उठत नसे. मग न्यारी नावाच्या, दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेणाऱ्या जातीने अनेक जातींसह त्यांना अंकित केले, त्यांच्या दोन उपजाती पैदा केल्या, एक विद्येच्या आणि कारभाराच्या कामासाठी हिरवी, दुसरी कष्टाच्या आणि लढाईच्या कामासाठी काळी, आणि टालो हे या मनोनिग्रहाला दाद देत नाहीत असे दिसताच त्यांचा संहार ऊर-क्वानांच्याच हातून करविला. ज्यांच्यावर प्रथम प्रेम केले त्यांनाच आपल्या हातांनी मारावे लागले, आणि तेही मन परक्याच्या ताब्यात असताना, हे दुःख त्या जातीच्या स्मृतीत कायमचे रुतले. अखेर क्झेर-झा नावाच्या एका शास्त्रज्ञाला शोध लागला की असह्य वेदना चालू असताना धनी मनातून निघून जातो. त्याने तो शोध स्वजातीला कळविला आणि त्यासाठी आपले प्राण वेचले. पुढे प्रत्येकाने अखंड वेदना देणारे यंत्र आपल्या अंगी लावून घेतले, आणि त्या वेदनेच्या बळावर हजारो वर्षांचे दास्य मोडून काढले.

मुक्त झाल्यावर सर्वांनी एकच प्रतिज्ञा केली, की पुन्हा कोणाचेही गुलाम होणार नाही. येथपर्यंत दोन्ही उपजाती एकमत आहेत. पुढचा तंटा त्या प्रतिज्ञेच्या अर्थावरून आहे. हिरव्यांचे म्हणणे असे की विश्वातील प्रत्येक विचारक्षम जात आपल्या अंमलाखाली आली म्हणजे पुरे; काळ्यांचे म्हणणे असे की अंकित जात उद्या उठू शकते, तेव्हा निर्भयता हवी असेल तर आपल्याखेरीज कोणीही जिवंत राहता कामा नये. या मतभेदावरून त्यांच्यात यादवी युद्ध झाले. मग दोन्ही पक्ष आकाशगंगेच्या विरुद्ध दिशांना निघून गेले, आणि खेळ चालू असताना त्यांची पुन्हा गाठ पडून तेच युद्ध दुसऱ्यांदा पेटले आहे. खेळणाऱ्याला जी सवड मिळते ती त्यांच्या या तात्त्विक युद्धामुळेच. म्हणजे शत्रूची सभा येथे पार्श्वभूमीला नाही. कथेची मुख्य कळ तीच आहे. कवचाचे कोडेही आता उलगडते: ऊर-क्वानांना लाभ नको, सुरक्षितता हवी. आणि एक तपशील असा की, जिंकलेल्या धन्यांची त्यांनी बुद्धी हरपविली आणि त्यांना बोलक्या जनावरांच्या पायरीवर आणून ठेवले. हलक्या जातींशी स्वमुखाने बोलणे ऊर-क्वानांना कमीपणाचे वाटते, म्हणून ते या पूर्वीच्या धन्याच्याच तोंडून बोलतात. सूड, अहंकार आणि भय ही तिन्ही एका दरबारी रिवाजात बांधली गेली आहेत. हा रिवाज ज्याने कल्पिला त्याला संस्कृती म्हणजे काय हे पुरते कळले होते, असे मी निःशंकपणे म्हणेन. याच खेळातील इतर जातींनाही स्वतःची भाषाशैली, स्वतःचे संगीत, इतकेच काय, पडद्यावर उमटणाऱ्या अक्षरांचे स्वतंत्र वळण दिले आहे, आणि थ्रॅडॅश नावाच्या भांडखोर जातीने आपल्या एकामागून एक बुडालेल्या संस्कृतींना क्रमांक देऊन ठेवले आहेत. पुढे स्टारडॉकच्या ‘गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स’च्या दुसऱ्या खेळातही ड्रेंगिन या दास करणाऱ्या साम्राज्यातून कोराथ हा संहारवादी गट फुटून निघाला, तंटा तोच आहे, पण त्यामागे ऊर-क्वानांच्या स्मृतीसारखी जखम नसल्यामुळे तो मनाला तितका भिडत नाही.

इतिहासाच्या खालोखाल महत्त्व अर्थव्यवहाराचे. पटावर सोंगट्या मांडून खेळावयाचा ‘वॉरहॅमर 40,000’ हा खेळ रिक प्रीस्टली यांनी 1987 साली रचला, आणि पुढे त्याच्या आधाराने ‘डॉन ऑफ वॉर’सारखे संगणकीय खेळ निघाले. त्यातील ऑर्क ही जात वरवर पाहता निव्वळ दंगेखोरांची झुंड आहे. परंतु त्यांच्या चलनाकडे पाहा. ऑर्कांचे नाणे म्हणजे त्यांचे दात. दात पडतात आणि पुन्हा उगवतात, त्यामुळे कोणीही अगदी निष्कांचन होत नाही. ते काही काळाने किडून नाहीसे होतात, त्यामुळे कोणालाही साठा करून पिढीजाद सावकार होता येत नाही. आणि बॅड मून्स नावाच्या कुळातल्यांचे दात इतरांपेक्षा लवकर वाढतात, म्हणून व्यापार आणि भपका त्या कुळाकडे गेला आहे. दुसऱ्याचे दात पाडून घेणे ही तेथली वसुलीची मान्य वहिवाट. एवढ्या एका कल्पनेतून त्या समाजाची दंगल, त्याची समता आणि त्याचा उधळेपणा, सगळेच सिद्ध होते. त्यांची आणखी एक श्रद्धा अशी की तांबडा रंग दिलेली गाडी अधिक वेगाने धावते. आणि ही श्रद्धा केवळ वर्णनात राहिली नाही, पूर्वीच्या एका नियमपुस्तकात तांबड्या गाडीला प्रत्यक्ष 1 इंच अधिक चाल मिळत असे. लोकांची समजूत नियमात उतरली म्हणजे खेळणारा ती वाचून सोडून देत नाही. तो स्वतः रंगाचा डबा उघडतो, आणि त्या घटकेपुरता त्या समाजाचा सभासद होतो.

याच विश्वातील टायरनिड ही जात वारुळाच्या वर्गातली आहे, ग्रहामागून ग्रह खाऊन पुढे जाणारी, आणि तिच्यात संस्कृती शोधणे व्यर्थ होय. परंतु तिच्या छायेत वाढणाऱ्या जीनस्टीलर पंथांची कल्पना मला फार मोलाची वाटते. खाणीत राबणाऱ्या एखाद्या उपेक्षित वस्तीत परक्या रक्ताची भेसळ होते, पिढीगणिक मुले अधिकाधिक माणसासारखी दिसू लागतात, त्यांच्यात नाती, निष्ठा आणि उपासना यांचे घट्ट विणकाम होते, आणि हे सारे लोक ताऱ्यांतून येणाऱ्या उद्धारकर्त्याची वाट पाहत बंडाची तयारी करीत असतात. तो येतो, तेव्हा इतरांबरोबर त्यांनाही खातो. शत्रूला स्वतःची संस्कृती नसली तरी त्याच्या आगमनाने माणसांत एक संस्कृती कशी उत्पन्न होते, हे येथे दाखविले आहे.

पॅरिसच्या ॲम्प्लिट्यूड स्टुडिओच्या ‘एंडलेस स्पेस’ मालिकेतील क्रेव्हर जातीचा उल्लेख अर्थव्यवहाराच्या प्रकरणात करावयास हवा. एका लुप्त जातीने युद्धाचे हत्यार म्हणून पैदा केलेली ही प्रजा ज्या ग्रहावर राहते तो ग्रह क्रमाक्रमाने झिजवून टाकते. आरंभी उत्पन्न भरघोस, पुढे ओसाडी, आणि म्हणून थांबणे म्हणजे उपासमार. दुष्टपणाचा हिशेब येथे जमाखर्चातच मांडला आहे. ‘सोर्ड ऑफ द स्टार्स’ या केर्बेरॉस संस्थेच्या 2006 सालच्या खेळात प्रत्येक जातीची ताऱ्यांमधून प्रवास करण्याची रीतच निराळी ठेवली होती, हेही या दृष्टीने सुज्ञपणाचे. कारण ज्याचे रस्ते वेगळे त्याचे राज्य वेगळे, हे कोणत्याही इतिहासाच्या अभ्यासकाला ठाऊक आहे.

शत्रूची संस्कृती जाणून घेण्याचे साधन कोणते, हा प्रश्न फार थोड्या खेळांनी विचारला. ज्युलियन गोलप यांच्या 1994 सालच्या ‘यूएफओ : एनिमी अननोन’ या खेळात ते साधन शवविच्छेदन आणि कैद्याची उलटतपासणी हे आहे. पाडलेल्या यानातून आणलेल्या वस्तू प्रयोगशाळेत जातात, आणि एकेक टिपण दफ्तरी दाखल होते. त्या वस्तूंच्या यादीत शस्त्रे आणि इंधन यांबरोबर परग्रहीयांचे अन्न आहे, त्यांच्या प्रजोत्पादनाची सामग्री आहे, आणि त्यांच्या करमणुकीचेही एक यंत्र आहे. ज्यांनी आपली गुरे आणि माणसे पळवून नेली, ते आपल्या यानात बसून फावल्या वेळी मन रमवितात, ही जाणीव त्या यादीतील एका ओळीने होते आणि अंगावर काटा आणते. खेद इतकाच की रचनाकाराने हा दरवाजा किलकिला करून तसाच सोडला; पुढे सारे मंगळावरील एका महामेंदूपाशी जाऊन थांबते, आणि करमणूक करून घेणारे ते जीव पुन्हा बाहुली होऊन जातात.

अनपेक्षित ठिकाणी आढळलेले एक उदाहरण येथे नोंदवावेसे वाटते. ‘कमांड अँड कॉन्कर’ मालिकेच्या 2007 सालच्या तिसऱ्या खेळात स्क्रिन नावाचे परग्रहीय पृथ्वीवर उतरतात, आणि मानवांच्या बाजूने खेळताना ते प्रलयासारखे भासतात. परंतु त्यांच्या बाजूने खेळावयास बसले म्हणजे कळते की खेळणाऱ्याची भूमिका सेनापतीची नाही, 371 क्रमांकाच्या एका मुकादमाची आहे. टायबेरियम हे खनिज पृथ्वीवर पुरेसे पसरून मूळ रहिवासी संपले असतील, मग आपण जाऊन ते गोळा करावे, अशी त्यांच्या खात्याची तजवीज होती. एका प्रचंड स्फोटाने चुकीची सूचना गेली आणि खाणकामगारांची तुकडी वेळेआधीच, जिवंत आणि सशस्त्र लोकांच्या मध्ये येऊन पडली. मुकादम वर कळवितो, पर्यवेक्षक त्याला जाब विचारतो, त्याच्याही वर कोणी अधिपती आहे. मूळ रहिवाशांचा नाश येथे कोणत्याही द्वेषाने होत नाही, मक्त्याच्या कामाचा तो पूर्वनियोजित टप्पा आहे. क्रौर्याचे हे कारकुनी रूप ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहास शिकलेल्या वाचकाला फार दूरचे वाटणार नाही. भडक चित्रफितींनी नटलेल्या त्या खेळात हे सूत्र काही प्रसंगांपलीकडे वाढविले गेले नाही, ही हानी झाली.

याच्या उलट, ज्यांच्याकडून सर्वाधिक अपेक्षा होती त्यांनी निराशा केल्याचे उदाहरण म्हणजे ‘अल्फा सेंटॉरी’. ब्रायन रेनल्ड्‌स यांच्या हाताखाली 1999 साली झालेल्या या खेळातील सातही मानवी पक्षांना विचारसरणी आहे, आणि प्रत्येक शोधाबरोबर किंवा इमारतीबरोबर त्यांच्या पुढाऱ्यांच्या लिखाणातील उतारे ऐकू येतात. व्यापारी मॉर्गन, एकाधिपत्यवादी यांग, धर्मनिष्ठ गॉडविन्सन हे जणू एकमेकांच्या ग्रंथांचे खंडन करीत असतात, आणि म्हणून ते जिवंत वाटतात. त्याच वर्षी निघालेल्या पुरवणीत मात्र जे दोन परग्रहीय पक्ष आले, एक त्या ग्रहाचे रक्षण करू पाहणारा आणि दुसरा त्याच्या योगे देवत्व मिळवू पाहणारा, त्यांच्यात वाद आहे पण वाङ्मय तुटपुंजे आहे. ज्या रचनाकारांना मानवांसाठी सात ग्रंथकार निर्माण करता आले, त्यांना परक्यांसाठी त्या तोडीचा एकही उभा करता आला नाही.

पॅराडॉक्स या स्वीडिश संस्थेने मे 2016 मध्ये आणलेल्या ‘स्टेलारिस’ या खेळाने प्रश्नाचे स्वरूपच पालटले. येथे बहुतेक जाती आधी लिहून ठेवलेल्या नाहीत. देह, तत्त्वे आणि राज्यघटनेची कलमे यांच्या संयोगातून त्या घडविल्या जातात. अधिकारवाद आणि समता, परद्वेष आणि परप्रेम, युद्ध आणि शांती, जडवाद आणि अध्यात्म अशा जोड्यांतून प्रत्येक राज्य आपली तत्त्वे निवडते. प्रजाजनांची तत्त्वे राज्याहून भिन्न असू शकतात, त्यांचे पक्ष बनतात, आणि ते पक्ष राज्यकर्त्यावर संतुष्ट किंवा रुष्ट होतात. दुष्ट साम्राज्यात असंतुष्ट प्रजा असते, ही साधी गोष्ट नियमात बसविण्यासाठी या प्रकाराला जवळजवळ दोन तपे लागली. शिवाय खलजातीची गादी आता खेळणाऱ्यालाही खुली आहे. परकीयांना दास करावे, हद्दपार करावे की मारावे, याचे हुकूम त्याने स्वतः काढावयाचे असतात, आणि ज्या चार क्रियांवरून या खेळप्रकाराला नाव मिळाले, त्यांतील चौथीचा अर्थ येथे प्रथमच संपूर्ण तपशिलासह त्याच्या समोर येतो. ज्यांना हे अमानुष वाटते त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. परंतु जुन्या खेळांत हेच कृत्य एका कळीने आणि निनावी होत असे, ते अधिक घातक होते, असे माझे मत आहे.

तथापि याच खेळात एक कलम आहे, जेथे ही सारी यंत्रणा अडते. परक्या सर्व जातींचा समूळ उच्छेद हेच ज्यांचे राष्ट्रीय ध्येय, अशा शुद्धिवादी राज्याला स्वजातीबाहेरील कोणाशीही मुत्सद्देगिरी करता येत नाही. आणि राज्यघटनेतील ते कलम एकदा खेळ सुरू झाला की नंतर कधीही काढून टाकता येत नाही. प्रजा कितीही थकली, फौजा कितीही कापल्या गेल्या, पिढ्या उलटल्या, तरी त्या राज्यात हे कलम रद्द व्हावे अशी दरखास्त करणारा कोणी निपजत नाही. रचनाकारांनी खेळाचा समतोल राखण्यासाठी हे केले असेल, ते मी समजू शकतो. परंतु हिरव्या आणि काळ्या ऊर-क्वानांनी ज्या प्रश्नावर यादवी केली, तोच प्रश्न विचारण्याची मुभा येथे नियमाने नाकारली आहे, आणि जोवर ते कलम असे अढळ आहे तोवर त्या राज्याला मी प्रबळ शत्रू म्हणेन, समाज म्हणू शकणार नाही.